टाइमकोडसाठी कोणतं सॉफ्टवेअर, कोणतं साउंड कार्ड? घेण्याआधीचा आढावा

टर्नटेबल जमवले, टाइमकोडच्या (म्हणजे लॅपटॉपमधली गाणी टर्नटेबलवरून चालवू देणाऱ्या) दोन रेकॉर्ड मागवल्या, मग 'स्वस्तात साउंड कार्ड कोणतं?' असा शोध सुरू झाला. बहुतेकांची खरेदी याच क्रमाने होते आणि गाडी इथेच अडते. टाइमकोडच्या दुनियेत सॉफ्टवेअर, साउंड कार्ड आणि रेकॉर्ड या तीन वेगवेगळ्या वस्तू नाहीत. एक निवडली की उरलेल्या दोन बहुतेक वेळा आपोआप ठरतात. म्हणून आधी सॉफ्टवेअर ठरवा, कार्डाचं नंतर बघू.

रेकॉर्डवर नक्की असतं काय, हे दोन मिनिटांत समजून घ्या, कारण पुढच्या निम्म्या अडचणी त्यातूनच सुटतात. तिच्यावर गाणं नसतं, एकसुरी शिट्टीसारखा स्वर असतो. सेराटो या डीजे सॉफ्टवेअरच्या रेकॉर्डवर हा स्वर १ किलोहर्ट्झचा आहे, ट्रॅक्टर या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या पहिल्या पिढीच्या रेकॉर्डवर २ आणि दुसऱ्या पिढीच्या म्हणजे 'एमके २'वर २.५ किलोहर्ट्झचा. स्वर किती चढला-उतरला यावरून सॉफ्टवेअरला वेग कळतो. डाव्या आणि उजव्या चॅनलवर तोच स्वर पाव आवर्तन पुढेमागे असतो, त्यावरून रेकॉर्ड पुढे फिरतेय की मागे हे कळतं. सुई रेकॉर्डवर नेमकी कुठे आहे, ते त्या स्वरात पेरलेल्या बिट्समधून वाचलं जातं.

यातून तीन गोष्टी निघतात. एका डेकची (म्हणजे टर्नटेबलची) लाल-पांढरी पिन उलटी लागली तर गाणं उलटं वाजतं. एक चॅनल मेला तर दिशाच कळत नाही. आणि एका कंपनीची रेकॉर्ड दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरला बहुधा वाचता येत नाही.

कुलूपबंद तिघे

सेराटो डीजे प्रो, ट्रॅक्टर आणि रेकॉर्डबॉक्स या तिघांचा टाइमकोड त्यांनी मान्य केलेल्या हार्डवेअरवरच चालतो. तुमच्याकडे स्टुडिओचं कितीही भारी कार्ड असू दे, यादीत नसेल तर टाइमकोडसाठी ते बिनकामाचं. याला इतिहास आहे. २००४ साली सेराटोचं स्क्रॅच लाइव्ह आलं तेव्हा ते रेन कंपनीच्या एसएल-१ या साउंड कार्डाच्या डब्यासोबतच मिळायचं. डबा हीच सॉफ्टवेअरची किल्ली. आज डबे बदलले, रीत तीच राहिली.

तिघांत क्लबच्या दृष्टीने सेराटो सर्वात सोयीचं. रेन सेव्हन्टी, पायोनिअरचे डीजेएम-एस९ आणि डीजेएम-एस११ अशा बॅटल (म्हणजे स्क्रॅच करणाऱ्यांसाठीच्या) मिक्सरांच्या पोटातच साउंड कार्ड असतं आणि त्यांच्यावर टाइमकोड आधीच उघडलेला असतो. लॅपटॉप न्यायचा, यूएसबी जोडायची, रेकॉर्ड ठेवायची. साधा मिक्सर असेल तर डेनॉनच्या डीएस-१सारखा वेगळा डबा लागतो. इतर मान्य उपकरणांवर टाइमकोडचं एक्स्पान्शन (वेगळा जोडपरवाना) विकत घ्यावं लागू शकतं, तेव्हा मिक्सरची किंमत बघताना हा खर्चही धरा. जुन्या सीडी प्लेअरवर काम चालवायचं असेल तर सेराटो आपली कंट्रोल सीडी फुकट उतरवू देतं. रेकॉर्डची झीज नाही, सुईचा खर्च नाही. शिकाऊ माणसासाठी हा मार्ग उगाच दुर्लक्षित राहिला आहे.

ट्रॅक्टरची गंमत सेकंडहँड बाजारात आहे. नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचे ऑडिओ ६ आणि ऑडिओ १० हे बंद झालेले डबे अजूनही मिळतात. बनावट भक्कम, फोनोची (टर्नटेबलचा बारीक सिग्नल थेट घेण्याची) सोय आतच. कंट्रोलरमध्ये (सॉफ्टवेअर चालवायचा बटणं-चकत्यांचा डबा) एस४ एमके ३ला टर्नटेबल थेट जोडता येतं. ॲलन अँड हीथचा झोन ४३सी हा मिक्सरही मान्य यादीत आहे. डेकसोबत इफेक्ट्स आणि लूप घेऊन खेळणाऱ्यांना ट्रॅक्टर आवडतं. निव्वळ स्क्रॅच करायचं असेल तर आसपास शिकवणारे आणि सोबतीला वाजवणारे बहुतेक सेराटोवरच भेटतात, आणि अडल्यावर विचारायला माणूस असणं हाही निवडीचा निकष आहे.

रेकॉर्डबॉक्सचं थोडक्यात सांगतो. क्लबमधल्या सीडीजे प्लेअरांसाठी तुमची सगळी लायब्ररी आधीच त्यात असेल तरच त्याचा टाइमकोड घ्या. त्यासाठी एकतर तो उघडून देणारं उपकरण हवं किंवा पैसे भरून घेतलेला प्लॅन हवा. कोणत्या उपकरणावर काय फुकट, हे वेळोवेळी बदलत आलंय. कंपनीच्या संकेतस्थळावरची आजची यादी पाहूनच पैसे मोजा, दुकानदाराच्या शब्दावर नको.

मोकळे दोघे

व्हर्च्युअल डीजेला कार्डाचं वावडं नाही. पुरेसे इनपुट-आउटपुट असलेलं कोणतंही कार्ड त्याला चालतं, आणि सेराटोची असो वा ट्रॅक्टरची, रेकॉर्डही ते ओळखतं. घरात दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या जुन्या रेकॉर्ड पडल्या असतील तर हा मोठा फायदा. अट एकच, टाइमकोडसाठी प्रो परवाना लागतो. लग्नाच्या, वाढदिवसाच्या सुपाऱ्या घेणारे कित्येक जण आधीपासून हेच वापरतात. त्यांना नवं काही शिकायचं कारण नाही.

दुसरं मिक्स. शोधताना इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी तीन एक्स लिहा, नाहीतर भलतंच सापडेल. हे पूर्णपणे मोफत आणि मुक्त स्रोत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. त्याचा टाइमकोड वाचणारा भाग एक्सवॅक्स या लिनक्सवरच्या छोट्या प्रोग्रामवरून आलेला आहे. मिक्ससाठी रेकॉर्ड घ्यायची तर सेराटोची सीव्ही०२.५ घ्या, तिच्यावर ते सर्वात नीट चालतं आणि त्यांची स्वतःची शिफारसही तीच आहे. ट्रॅक्टरची एमके १ वाचता येते. एमके २ मात्र तुमची आवृत्ती वाचते का, हे आधी सेटिंगमधल्या यादीत पाहा.

मिक्सचा तोटा? हात धरून कोणी सेटअप करून देत नाही. इनपुट कोणता, आउटपुट कोणता, कुठल्या डेकला कुठली रेकॉर्ड, सगळं स्वतः नेमायचं. ज्याला यात मजा वाटते त्याने बाकीचे चार सोडून इथेच यावं. ज्याला शनिवारी वाजवायचंय आणि गुरुवारी सामान हातात आलंय, त्याने येऊ नये.

कार्ड मोजायचं कसं

दोन टर्नटेबल म्हणजे दोन स्टिरिओ इनपुट, म्हणजे चार चॅनल आत. बाहेर मिक्सर असेल तर प्रत्येक डेकसाठी एक अशा दोन स्टिरिओ आउटपुट, म्हणजे चार चॅनल बाहेर. मिक्सर नसेल आणि मिक्सिंग लॅपटॉपमध्येच होणार असेल तरीही चारच लागतात, एक जोडी स्पीकरला आणि एक हेडफोनला. थोडक्यात चार आत, चार बाहेर. त्याखाली उतरू नका.

आकड्यापेक्षा जास्त लोक अडतात ते फोनो आणि लाइनवर. टर्नटेबलच्या सुईतून येणारा सिग्नल साधारण ५ मिलिव्होल्ट असतो. लाइन इनपुटला त्याच्या शेकडो पट हवा असतो. मध्ये फोनो प्रीॲम्प लागतो, तो सिग्नल वाढवतो आणि रेकॉर्ड कापताना बदललेला खर्ज-तार समतोल 'आरआयएए' वक्रानुसार पूर्ववत करतो. डीजेंसाठीच्या डब्यांत हा प्रीॲम्प आत असतो. बेहरिंगर यूएमसी ४०४ एचडी किंवा फोकसराइट स्कार्लेट ४आय४ यांसारख्या स्टुडिओ कार्डांत तो नसतो. चार आत, चार बाहेर हा हिशेब दोन्हींत बरोबर बसतो आणि आपल्याकडे ती सहज मिळतात, म्हणून मिक्स आणि व्हर्च्युअल डीजेवाले त्यांच्याकडेच वळतात. मग फोनोचं काय?

एक वाट टर्नटेबलमधली. ऑडिओ-टेक्निकाच्या एटी-एलपी१२०एक्ससारख्या मॉडेलमध्ये मागे फोनो-लाइनचा स्विच असतो. तो लाइनवर टाकला की प्रश्न मिटला. टेक्निक्स एसएल-१२००ला ही सोय नाही. दुसरी वाट म्हणून त्याला बाहेरून प्रीॲम्प लावा, प्रत्येक डेकला एक.

तिसरी वाट मला सर्वात आवडते, कारण ती फुकट आहे. आरआयएए वक्राचा संदर्भबिंदू १ किलोहर्ट्झ आहे. तिथे वक्र ना वाढवतो ना घटवतो. सेराटोचा स्वर नेमका १ किलोहर्ट्झचा! म्हणजे निव्वळ टाइमकोड वाचायचा असेल तर आरआयएएवाचून अडत नाही, फक्त सिग्नल मोठा हवा. मिक्सच्या सेटिंगमध्ये त्यासाठी इनपुट वाढवण्याचा सरकपट्टा आहे, एक्सवॅक्समध्येही तशी सोय आहे. मात्र कार्ड २४ बिटचं घ्या. १६ बिटच्या कार्डात इतका बारीक सिग्नल शेवटच्या काही बिट्समध्येच मावतो आणि वाढवल्यावर सोबत खरखरही वाढते.

या जुगाडात एक गोष्ट हातची जाते. मधेच टाइमकोड बाजूला ठेवून खरी रेकॉर्ड वाजवायची असेल, तर डीजेंच्या डब्यात 'थ्रू'ची सोय असते, सिग्नल लॅपटॉपला वगळून सरळ मिक्सरला जातो. स्टुडिओ कार्डात तसं होत नाही. ज्यांच्या कपाटात जुन्या एलपी आहेत त्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं.

लिनक्सवाल्यांसाठी एक आडवाट. नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचे ऑडिओ ६ आणि ऑडिओ १० लिनक्सच्या कर्नलला ओळखीचे आहेत; फोनो-लाइन आणि थ्रूचे स्विच अल्सामिक्सर या लिनक्सच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये दिसतात. फोनो आत, थ्रू आहे, ड्रायव्हर शोधायची भानगड नाही. मिक्ससोबत याहून चांगलं सेकंडहँड कार्ड मला तरी सुचत नाही.

कंट्रोलर आहे, त्यालाच टर्नटेबल जोडू का?

कंट्रोलर उलटा करून मागची बाजू पाहा. टर्नटेबलसाठी आरसीए (लाल-पांढऱ्या पिनचे) इनपुटच नसेल तर विषय संपला. पायोनिअरचा डीडीजे-एफएलएक्स४ घरोघरी दिसतो, पण त्यात माइकपलीकडे इनपुट नाही. त्याच्या कार्डातून टाइमकोड आत जाणार कुठून? इनपुट असलं तरी ते लॅपटॉपपर्यंत पोचतंच असं नाही. काही कंट्रोलरांत बाहेरचा सिग्नल आतल्या आत मास्टरला (मुख्य आउटपुटला) मिसळतो आणि यूएसबीवर जातच नाही. खोक्यावर इनपुट किती हे बघून भागत नाही, टाइमकोडला पाठिंबा आहे का हे नाव घेऊन तपासा. डीडीजे-१००० रेकॉर्डबॉक्ससोबत, डेनॉन एमसी७००० सेराटोसोबत, एस४ एमके ३ ट्रॅक्टरसोबत आणि डीडीजे-एफएलएक्स१० रेकॉर्डबॉक्स आणि सेराटो दोन्हींसोबत टाइमकोड घेतो.

छोटा कंट्रोलर मात्र अडगळीत टाकू नका. आवाज वेगळ्या कार्डातून आणि क्यू, लूप, पॅड कंट्रोलरवरून, ही जोडी मिक्समध्ये छान जमते. बऱ्याच कंट्रोलरांचं मॅपिंग त्यात आयतंच येतं. आवाजासाठी मात्र एकच कार्ड नेमा. दोन कार्डांची घड्याळं स्वतंत्र चालतात, हळूहळू फरक पडतो आणि मधेच टकटक ऐकू येते. दोन स्वस्त स्टिरिओ कार्डं जोडून एक मोठं करण्याची युक्ती मॅकवर बऱ्यापैकी चालते, विंडोजवर मी कोणाला सुचवणार नाही.

जोडल्यावर

प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये टाइमकोडचं वर्तुळ दाखवणारी खिडकी असते. स्वच्छ, गोल, स्थिर वर्तुळ म्हणजे सगळं ठीक. सरळ रेषा आली तर एक चॅनल गायब आहे. सुईचं हेडशेल काढून टोकं पुसा, केबल बदलून बघा. वर्तुळ इवलंसं असेल तर फोनो सिग्नल लाइनमध्ये शिरलाय. चौकोनी, कापल्यासारखं दिसलं तर उलट झालंय, लाइन सिग्नल फोनोत शिरलाय. गाणं एक तृतीयांशाहून थोडं जास्त वेगाने पळत असेल तर टर्नटेबल ४५वर आहे आणि सॉफ्टवेअर ३३वर.

बफरचं, म्हणजे आवाज पाठवण्याआधी कार्ड किती सॅम्पल साठवतं त्याचं, गणित सोपं आहे. ४४.१ किलोहर्ट्झवर १०२४ सॅम्पल म्हणजे २३ मिलिसेकंद, २५६ म्हणजे सुमारे ६, १२८ म्हणजे सुमारे ३. टाइमकोडमध्ये सिग्नल आत येतो आणि पुन्हा बाहेर जातो, म्हणून उशीर दुप्पट धरा. गाणी मिसळायला ५१२ चालून जाईल, स्क्रॅचला २५६ किंवा कमीच हवं. विंडोजवर त्यासाठी कार्डाचा स्वतःचा एएसआयओ (उशीर कमी ठेवणारा) ड्रायव्हर लावा.

घरघर ही आपल्याकडची खास पाहुणी. टर्नटेबलची बारीक ग्राउंड वायर प्रीॲम्पच्या किंवा डब्याच्या ग्राउंड स्क्रूला लावली आहे ना, हे पहिलं पाहा. तरीही घरघर असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. आवाज थांबला तर दोष चार्जरच्या वाटेने येतोय, तेव्हा सगळं सामान एकाच, नीट अर्थिंग असलेल्या बोर्डावर घ्या. घरघर घालवायला कुणी प्लगची तिसरी पिन कापायला सांगितली तर ऐकू नका, जीवाशी खेळ आहे.

सुईचीच कटकट नको असेल तर फेज नावाचं बिनतारी उपकरण आहे. त्याचा छोटा रिमोट रेकॉर्डवर बसतो, फिरण्याची माहिती रेडिओने पाठवतो आणि त्याचा डबा त्यातून टाइमकोडचा स्वर तयार करून लाइन इनपुटला देतो. फोनोचा प्रश्नच उरत नाही. जिथे बासने टेबल हादरून सुई उडते अशा जागी वाजवणाऱ्याला ते परवडेल. घरी शिकणाऱ्याने त्या पैशांत आधी चांगल्या सुया घ्याव्यात.

मला कोणी विचारलं तर उत्तर माणूस बघून देईन. क्लबमध्ये किंवा स्पर्धेत उतरायचं असेल तर सेराटो आणि टाइमकोड उघडलेला मिक्सर, एकदाच खर्च. व्हर्च्युअल डीजेवर सुपाऱ्या घेताय तर तेच ठेवा, वर एक ४-४ कार्ड. शिकायचंय आणि जुना लॅपटॉप पडून आहे, तर मिक्स, सीव्ही०२.५ रेकॉर्ड आणि यूएमसी ४०४ एचडी किंवा सेकंडहँड ऑडिओ ६.

जुना डबा घ्यायला जाताना स्वतःचा लॅपटॉप, यूएसबी केबल आणि एक टाइमकोडची रेकॉर्ड सोबत न्या. कंपनीने ड्रायव्हर देणं थांबवलं असेल तर नव्या विंडोज किंवा मॅकवर तो डबा दिसणारही नाही, आणि विकणाऱ्याच्या दहा वर्षं जुन्या लॅपटॉपवर तो उत्तम चालताना बघून तुम्हाला ते कळणार नाही. दोन्ही इनपुटवर आळीपाळीने वर्तुळ पाहा, थ्रू तपासा, आणि मगच पैसे द्या.