पानं वाटताना नको, गोळा करताना बघा

गणपतीच्या जागरणाला आमच्या बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात पत्ते बसतातच. आधी मेंढीकोट, रमी, आणि रात्र चढली की तीन पानी. गेल्या वर्षी थकलेलं उसाचं बिल नुकतंच जमा झालं होतं, त्यातले ३८ हजार त्या एका रात्रीत गेले. बायकोला आजही पूर्ण आकडा माहीत नाही.

आम्ही पाच जण होतो. तिघं गावातले, एक कुणाचा तरी पाव्हणा आणि त्याच्याबरोबर आलेला एक. पाव्हणा बोलायला गोड. मी पॅक केलं, म्हणजे डाव सोडून पानं टाकली, की माझी पानं उलटी करून बघायचा, "अहो दादा, राजा होता नि टाकलात?" म्हणायचा. आम्हाला ती आपुलकी वाटायची. खरं म्हणजे कुणाकडं काय पडलंय ते तो टिपत होता. पाच हातांची पंधरा पानं एका डावात बाहेर येतात आणि त्यात एकाच आकड्याची तीन बऱ्याचदा सापडतात.

त्या रात्री त्याला तीन वेळा ट्रेल, म्हणजे एकाच आकड्याची तीन पानं, लागला, तिन्ही वेळा पिसणारा तोच. भाच्यानं नंतर हिशेब करून दाखवला. ५२ पानांतून तीन पानांच्या २२,१०० जोडण्या होतात, त्यात ट्रेल फक्त ५२. म्हणजे सरासरी ४२५ हातांत एकदा. आम्ही सारे डाव मिळून चाळीसेक खेळलो असू.

त्याच भाच्यानं आरतीनंतर मोबाईलवर व्हिडिओ काढला होता आणि कडेला आमचा डाव आला होता. दिवाळीत तो सावकाश लावून बघितला तेव्हा घशाला कोरड पडली. पाव्हणा पानं ओढून घेतो, पण सरसकट नाही. दोन राजे एका ढिगातून, तिसरा दुसऱ्यातून, आणि तिन्ही एकावर एक बसतात. डाव्या हाताची करंगळी गठ्ठ्यात किंचित शिरलेली, ती जागा सुटू देत नाही. मग पिसणं सुरू. डावा अंगठा एकेक पान ओढतो, चार पानं, मग राजा, परत चार, परत राजा. पाच जणांत वाटलं की पाचवं, दहावं, पंधरावं पान वाटणाऱ्याच्याच पुढ्यात येतं.

मग काटताना, म्हणजे गठ्ठा मधून उचलून वरचा भाग खाली घालताना, ते मोडत कसं नाही, हे मला आठ दिवस कळेना. घरी पत्त्यांचा जोड घेऊन बसलो तेव्हा उमगलं. रचलेल्या पानांच्या वर असलेल्या गठ्ठ्यात शेवटच्या पानाचा कोपरा नखानं जरासा वाकवलेला असतो. काटणारा साथीदार, म्हणजे पाव्हण्याबरोबर आलेला तो, दर वेळी पाव्हण्याच्या उजवीकडं बसलेला, बोटानं तो बाक चाचपतो आणि नेमकं तिथंच काटतो, की रचलेली पानं परत सगळ्यात वर. मी दोनदा म्हणालो होतो, "मी काटतो की". दोन्ही वेळा साथीदारानं हसत गठ्ठा आपल्याकडं ओढला.

म्हणून सांगतो, वाटणाऱ्याच्या हाताकडं बघत बसू नका. तेव्हा सगळं होऊन गेलेलं असतं. डाव संपल्यावर पानं कोण उचलतो, टाकलेली पानं कोण उलटी करून बघतो, ते बघा. कानही द्या. साधं पिसणं सळसळतं, मोजून पिसणं चट, चट, चट, चट असं तुटक वाजतं. आणि कुणीही काटू द्यायला नाही म्हणाला तर तिथंच उठा.

पोलिसांत गेलो नाही. कर्नाटक पोलीस कायदा, १९६३ खाली जुगारच गुन्हा, मग तक्रार देणारा आधी स्वतः अडकेल ही भीती. असल्या माणसांना हेच पुरतं.

आमच्यातल्या एकानं त्या रात्री भाताच्या खताचे पैसे घालवले. तो अजून म्हणतो, "माझं नशीबच खोटं." येत्या रविवारी जोड आणि तो व्हिडिओ घेऊन त्याच्या घरी जाणार आहे.