कालची फेरी, आजची फेरी: जळगावच्या एका विमानसेवेविषयी

जळगाव विमानतळावरून सेवा देणाऱ्या एका प्रादेशिक कंपनीच्या विमानाने ऐन उन्हाळ्यात प्रवास केला. आसने, स्वच्छता आणि कर्मचाऱ्यांचे वागणे यांविषयी तक्रार नाही. लिहायचे आहे ते विमानफेरीच्या क्रमांकाविषयी, कारण प्रतीक्षाकक्षात सर्वाधिक संताप त्यावरूनच झाला आणि माझ्या मते तो अस्थानी होता.

तांत्रिक बिघाडामुळे रखडलेली आदल्या दिवशीची फेरी दुसऱ्या दुपारी, म्हणजे त्या दिवशीच्या नेहमीच्या फेरीच्या सुमारासच सुटणार होती. कंपनीने रखडलेल्या फेरीच्या क्रमांकाला शेवटी एक अक्षर जोडले. तिकिटावर एक क्रमांक आणि फलकावर दुसरा, हे पाहून माणसे काउंटरवर जमली. "भो, आपलं विमान कालचं का आजचं?" हा एका आजोबांचा प्रश्न अगदी रास्त होता, पण काउंटरवरच्या मुलीकडे "सिस्टीममध्ये बदललंय" यापलीकडे उत्तर नव्हते.

उत्तर सोपे होते. वैमानिक आणि हवाई नियंत्रक यांच्या संभाषणात विमानाची ओळख सहसा या क्रमांकावरूनच होते आणि रेडिओवर तारीख कोणी उच्चारत नाही. एकाच मार्गावर, एकाच सुमारास, एकाच क्रमांकाची दोन विमाने उडाली तर एकाला दिलेली उंची बदलण्याची सूचना दुसरा पाळू शकतो. असा घोळ होईल असे वाटल्यास नियंत्रकाला विमानाची हाक, म्हणजे रेडिओवरचे ओळखनाव, तात्पुरती बदलण्याची मुभा आंतरराष्ट्रीय नियमांनी दिली आहे, पण तो शेवटचा उपाय झाला. घोळ आधीच टाळण्याचे खरे काम जमिनीवरच्या डिस्पॅचरचे, म्हणजे कंपनीत उड्डाणाची आखणी करणाऱ्याचे. इंधन, हवामान, वजन आणि मार्ग यांचा हिशेब तोच मांडतो. अमेरिकेत तर उड्डाणाच्या सुरक्षिततेची जबाबदारी कायद्याने वैमानिक आणि डिस्पॅचर या दोघांवर असते.

कागदपत्रांची अदलाबदल हा मला अधिक मोठा धोका वाटतो, आणि खानदेशात तर विशेषच. संध्याकाळच्या उड्डाणासाठी केलेला वजनाचा हिशेब दुपारी चव्वेचाळीस अंश तापमानात चालत नाही: तापलेली हवा विरळ होते, पंखांना आणि इंजिनांना कमी बळ मिळते, आणि त्याच धावपट्टीवरून कमी भार घेऊन उडावे लागते. सारख्या क्रमांकामुळे कालची लोडशीट, म्हणजे विमानातील भाराचा तक्ता, आजच्या वैमानिकाच्या हाती पडू नये, एवढ्यासाठीही ते एक अक्षर मोलाचे आहे.

संगणक हा घोळ आपोआप निस्तरतील, असेही समजू नये. 28 ऑगस्ट 2023 रोजी ब्रिटनची हवाई नियंत्रण यंत्रणा एका फ्लाइट प्लॅनवर, म्हणजे उड्डाणाच्या मार्गाच्या आराखड्यावर, अडली, कारण त्यातील दोन मार्गबिंदूंची खूण एकच होती, 'डीव्हीएल': एक फ्रान्समधील दोव्हिल, दुसरा अमेरिकेतील डेव्हिल्स लेक. सात लाखांहून अधिक प्रवाशांचे हाल झाले. तिथे जुळी खूण विमानांची नव्हती, बिंदूंची होती, एवढाच फरक.

म्हणून डिस्पॅचच्या कामाला पाचपैकी साडेचार गुण आणि प्रवाशांना कळवण्याच्या कामाला जेमतेम दीड. बदललेला क्रमांक एसएमएसने आला तोही विमानतळावर पोहोचल्यानंतर, तेही केवळ इंग्रजीत आणि कारणाशिवाय. "तुमची फेरी कालची आहे, आजच्या फेरीशी गल्लत होऊ नये म्हणून क्रमांकाला अक्षर जोडले आहे" एवढे मराठीत लिहिलेला कागद काउंटरवर चिकटवला असता, तरी यावलहून आणि चोपड्याहून आलेल्या मंडळींची निम्मी रांग तिथेच मोडली असती. याच कंपनीने मी पुन्हा जाईन. मे महिन्यात मात्र सकाळची फेरी असेल तर तीच घेईन.