मुलाची स्लीप स्टडी: रात्र उत्तम, अहवाल मात्र मोठ्यांच्या मापाने

आमचा मुलगा 8 वर्षांचा आहे आणि त्याचे वजन 41 किलो आहे. तो तोंड उघडे ठेवून झोपतो व घोरतो. ‘लेकराला गाढ झोप लागते’ या आजीच्या कौतुकावर आम्हीही दोन वर्षे विसंबून राहिलो. शाळेत तो पेंगू लागला, तेव्हा बालरोगतज्ज्ञांच्या सांगण्यावरून पुण्यातील एका खाजगी स्लीप लॅबमध्ये त्याची रात्रभराची तपासणी करून घेतली.

रात्रपाळीच्या तंत्रज्ञ बाईंविषयी तक्रारीला जागाच नाही. डोक्याला तेल लावून आणू नका, असे त्यांनी आदल्या दिवशी फोन करून बजावले होते. डोक्यावर पेस्टने चिकटवलेल्या तारा, छातीला व पोटाला पट्टे, नाकाशी नळी आणि बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा, एवढे लटांबर मुलगा सहन करील असे वाटले नव्हते. पण कपाळावरच्या तारांना त्यांनी ‘मुंडावळ्या’ म्हटल्याबरोबर स्वारी नवरदेवासारखी ताठ बसली. माझ्यासाठी शेजारी पलंगही होता.

चौथ्या दिवशी अहवाल आला: श्वास अडण्याचे प्रमाण तासाला 3.8, शेरा ‘नॉर्मल’. आम्ही सुटकेचा श्वास टाकला, पण बालरोगतज्ज्ञांनी तो अहवाल तसाच परत पाठवला. तासाला पाचपेक्षा कमी ही मर्यादा प्रौढांची आहे. मुलांमध्ये एकाच्या वरचा आकडाही दखल घेण्याजोगा असतो. शिवाय प्रौढांचा श्वास निदान 10 सेकंद अडला तरच तो मोजतात, तर मुलांचा श्वासाचा वेग जास्त असल्याने दोन श्वास हुकले तरी नोंद घ्यावी लागते. मुलांच्या निकषांनी पुन्हा मोजणी झाल्यावर तोच आकडा 6.1 झाला. त्यासाठी वेगळे पैसे घेतले नाहीत, पण नऊ दिवस आणि चार फोन खर्ची पडले. कार्बन डायऑक्साइड मोजण्याची सोय तेथे नव्हती, हे तर मागाहून कळले. मुलांच्या तपासणीत तीही अपेक्षित असते.

या फरकावर पुढचा उपचार ठरणार होता. अमेरिकेत 5 ते 9 वर्षांच्या 464 मुलांवर झालेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, टॉन्सिल व ॲडेनॉइड (नाकामागची, घशाच्या वरच्या भागातली गाठ) काढलेल्या मुलांपैकी 79 टक्क्यांची तपासणी सात महिन्यांनी सामान्य आली, तर नुसते लक्ष ठेवलेल्यांपैकी 46 टक्क्यांची. स्थूल मुलांमध्ये मात्र हे यश कमी दिसले. म्हणूनच आम्हाला शस्त्रक्रियेबरोबर आहारतज्ज्ञांकडेही पाठवले आहे आणि नंतर पुन्हा तपासणी सांगितली आहे.

ती पुन्हा याच लॅबमध्ये करू का? त्या बाई असतील तर मुलगा आनंदाने येईल. पण या वेळी नाव नोंदवतानाच अहवाल मुलांच्या निकषांनी कोण वाचणार, हे विचारून घेऊ आणि उत्तर मिळाल्यावरच पैसे भरू.