निवृत्तीसाठी परदेश निवडायची क्रमवारी : पाचपैकी तीन तारे

मुलगा बँकॉकला नोकरीला आहे. ‘बाबा, आईला घेऊन इकडंच या,’ असा त्याचा दोन वर्षांपासूनचा हेका. म्हणून ‘इंटरनॅशनल लिव्हिंग’ या मासिकाची निवृत्तांसाठीच्या देशांची वार्षिक यादी वाचायला घेतली. २०२४ ला कोस्टारिका पहिला, २०२५ ला पनामा, २०२६ ला ग्रीस. दोन वर्षांत देश काही एवढे बदलत नाहीत. तेव्हा नंबर सोडला आणि रकाने वाचले: घर, व्हिसा, खर्च, हवामान, दवाखाना. तीन तारे त्या रकान्यांचे.

व्हिसाचा रकाना सगळ्यांत कामाचा. पनामाच्या पेन्शनर व्हिसाला महिन्याला १००० डॉलरची आजन्म पेन्शन लागते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो, माझी पेन्शन त्याच्या निम्मी. खर्चाचा रकाना मात्र अमेरिकन माणसाच्या सोयीचा. पनामात डॉलरच चालतो, त्यामुळे त्याला चलनाची काळजी नाही. आपला महागाई भत्ता वाढतो भारतातल्या भावांप्रमाणे. उद्या रुपया घसरला तर तिथला किराणा आपल्याला महाग, आणि भत्ता जिथल्या तिथं. हा हिशेब आपला आपणच मांडायचा.

मर्सर या सल्लागार कंपनीची यादी यात मिसळू नका. २०२४ ला तिच्यात नेदरलँड्स पहिला होता, पण ती देशांच्या पेन्शन व्यवस्थेला गुण देते. बाहेरून राहायला येणाऱ्याची सोय त्यात बघत नाहीत.

थायलंडच्या निवृत्ती व्हिसाला वय ५० किंवा त्याच्या वर आणि बँकेत ८ लाख बाट, किंवा महिन्याला ६५,००० बाट उत्पन्न. शिवाय दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा. वावर विकलं तर पैसे जमतात. पण हिला दमा आहे. इथं सेलूत रात्री धाप लागली तर शेजारचा पोरगा गाडी काढतो, तासाभरात सेवाग्रामचा दवाखाना. दवाखान्याच्या रकान्यात तो पोरगा कुठून येणार?

मुलाच्या मनात चियांग माई आहे, थंड हवेचं म्हणून. पण फेब्रुवारी ते एप्रिल तिथं शेतं आणि जंगलं पेटतात, धूर कोंडतो. हवामानाला वर्षाचा एकच गुण दिला की असा महिना त्यात बुडतो. विदर्भ बघायचा तर मे महिन्यात यावं. तसं आम्ही तूर घरात आली की मार्चमध्ये महिनाभर भाड्यानं तिथं राहणार आहोत. हिला श्वास घेता आला, तरच वावराचं बोलणं.