आगीनंतर घराची सफाई: स्वतः करायची की एजन्सीला द्यायची?

दांडिया बाजारात आमच्या आत्याच्या किचनमध्ये फ्रिजमागची वायर जळाली, आग दहा मिनिटांत विझली पण काजळी पार देवघरापर्यंत गेली, आणि मग घरात एकच वाद, आपण करू की माणसं बोलवू.

स्वतः केलं तर पैसे वाचतात हे खरंच, पण आम्ही पहिल्याच दिवशी ओलं फडकं मारलं आणि तिथेच चुकलो. काजळी तेलकट असते, ओल्याने पुसली की पसरते आणि भिंतीत मुरते, आत्याच्या पांढऱ्या भिंतीवर हाताएवढे काळे फराटे उठले ते अजून तसेच आहेत. आधी कोरडंच काढायचं, कोरड्या स्पंजने, वरून खाली, न घासता, मास्क-ग्लोव्हज घालून, आणि पंखा तर अजिबात लावायचा नाही.

एजन्सी महाग पडते, पण प्लास्टिक किंवा वायरिंग जळलं असेल तर मी तरी म्हणेन त्यांनाच बोलवा, कारण पीव्हीसीच्या, म्हणजे वायरवरच्या प्लास्टिकच्या, धुरात आम्ल असतं, ते टीव्ही-मिक्सरच्या आतल्या धातूला गंज चढवतं, उशीर केला की नुकसान वाढतंच. वासाचंही तसंच, नुसता डिस्टेंपर मारला तर वास परत येतो, आधी वास अडवणारा प्रायमर लागतो.

एकाच खोलीत थोडी काजळी असेल तर घरची माणसं पुरतात.

आणि काहीही ठरवा, इन्शुरन्स असेल तर फडकं हातात घ्यायच्या आधी सगळ्याचे फोटो काढा, फायर ब्रिगेडचा रिपोर्ट मागून घ्या, आणि इलेक्ट्रिशियनने बघितल्याशिवाय मेन स्विच चालू करू नका.