फास्टॅग चालू करून देतो म्हणाले आणि अण्णांची पेन्शन नेली

माझ्या वडिलांच्या पेन्शनच्या खात्यातून ८७ हजार रुपये गेले. लॉटरी लागली म्हणून नाही, दामदुप्पट मिळेल म्हणूनही नाही. दुसऱ्या दिवशी टोलनाक्यावर अडचण नको, सगळं नियमात असावं, एवढ्यासाठी त्यांनी एक फोन केला होता. असे फोन मराठवाड्यात घरोघरी होत असणार. कारण आता तालुक्याच्या गावाला जायचं तरी मध्ये राष्ट्रीय महामार्ग लागतो आणि गाडीच्या काचेवर टॅग लागतो. म्हणून सविस्तर लिहिते आहे. लिहू का, असं अण्णांना आधी विचारलं. "लिही, नाव नको टाकू," म्हणाले.

अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. कागदांच्या बाबतीत फार काटेकोर. आरसी, विमा, पीयूसी सगळं एका पिशवीत, वर प्रत्येकाची झेरॉक्स. ताई बीडला असते. तिच्या मुलीचा साखरपुडा मार्गशीर्षात धरला होता. आम्ही छत्रपती संभाजीनगरहून निघणार होतो: अण्णा, आई, आत्या आणि गाडी चालवायला मी. सव्वाशे किलोमीटरच्या आसपासचं अंतर, अडीच तासांचा रस्ता. त्याचीही अण्णांनी वहीत नोंद केलेली. आडूळ, पाचोड, शहागडला गोदावरी ओलांडायची, मग गेवराई, गढी, पाडळशिंगीचा टोलनाका आणि बीड. त्यांना पहाटे पाचलाच निघायचं होतं. मी म्हटलं, नको. कारखाने सुरू झालेत, अंधारात उसाच्या ट्रॉल्या दिसत नाहीत, कित्येकांना मागे साधा लाल कागदसुद्धा नसतो. दिवस उजाडल्यावर सातला निघू. एवढं ठरलं आणि मी बॅगा भरायला गेले.

वहीत एकच काम उरलं होतं: 'टॅग तपासणे'. त्या दिवसांत व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरत होता. गाडीची केवायव्ही, म्हणजे टॅग त्याच गाडीचा आहे ना याची पडताळणी, केली नाही तर टॅग बंद होणार, नाक्यावर दुप्पट पैसे पडणार. यातली केवायव्ही खरीच होती. गाडीचा समोरून, टॅग आणि नंबरप्लेट दिसेल असा फोटो आणि आरसी बँकेच्या ॲपवर चढवा, असं बँका सांगतही होत्या. चोरांनी बातमी नवी बनवलीच नव्हती. खऱ्या बातमीच्या शेजारी आपला फोन नंबर तेवढा नेऊन ठेवला.

अण्णांनी मोबाईलवर बँकेचं नाव आणि 'फास्टॅग कस्टमर केअर' असं शोधलं. सगळ्यात वर जो नंबर आला तो लावला. बँकेचं नाव होतं, चिन्ह होतं. तो नंबर बँकेचा नव्हता. शोधात वर दिसण्यासाठी पैसे देऊन जाहिरात करता येते. नकाशावरच्या ठिकाणांना नंबर सुचवता येतात. वर दिसतं म्हणजे कुणीतरी तपासून ठेवलेलं असतं, असा आपला समज असतो, आणि या लोकांचा सगळा धंदा त्या समजावर चालतो.

आधी एक हिंदी बोलणारा होता. त्याने गाडीचा नंबर विचारला आणि क्षणभरात गाडी कोणती, कोणत्या सालची, कुणाच्या नावावर, हे सांगून टाकलं. अण्णांचा विश्वास इथेच बसला. ज्याला आपल्या गाडीची कुंडली माहीत आहे तो बँकेचाच असणार, असं वाटलं त्यांना. गाडीच्या नंबरवरून ही माहिती काढणं आज अजिबात अवघड नाही. त्यासाठी बँकेत कामाला असावं लागत नाही. मग त्याने फोन एका मुलीकडे दिला. ती मराठी बोलत होती, आपल्याकडचं मराठी. "काका, उद्या गाडी काढणार आहात का? मग आज बाराच्या आत करून घेऊ, नाहीतर टॅग काळ्या यादीत जाईल." अण्णांनी सांगितलं, सकाळी बीडला निघायचंय, घरचं कार्य आहे. ते ऐकल्यावर ती आणखी घाई करायला लागली.

व्हॉट्सॲपवर एक फाईल आली. नावात फास्टॅग, शेवटी एपीके, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून थेट ॲप बसवणारी फाईल. ती उघडल्यावर फोनने विचारलं, अनोळखी ठिकाणचं ॲप घ्यायचं का? ती म्हणाली, "हो करा काका, सरकारी आहे म्हणून तसं विचारतं." मग त्या ॲपने मेसेज वाचायची परवानगी मागितली. तीही दिली गेली. पुढच्या पानावर बँकेचं नाव, गाडीचा नंबर आणि 'पडताळणीसाठी १ रुपया भरा'. त्यासाठी डेबिट कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे. अण्णांनी ओटीपी कुणालाही सांगितला नाही, हे मला ठासून सांगायचं आहे. आयुष्यभर मुलांना 'ओटीपी सांगू नका' म्हणणाऱ्या माणसाने तो सांगितलाच नव्हता. त्या ॲपला मेसेज वाचता येत होते, त्यामुळे ओटीपी आला की सरळ त्यांच्याकडे पोचत होता. विचारायची गरजच नव्हती. 'ओटीपी देऊ नका' एवढी एकच सूचना आपण घरातल्या मोठ्यांना दिली असेल तर ती आता पुरत नाही.

आणि सगळा वेळ ती फोन ठेवू देत नव्हती. "ठेवू नका काका, प्रक्रिया अर्ध्यात तुटेल." बोलणं चालू असलं की वर येणाऱ्या मेसेजकडे लक्ष जात नाही. तेवढ्यात ४९,९०० गेले. फोन आपोआप कट झाला.

यानंतरचं लिहिताना मला अजून त्रास होतो. अण्णांनी तो मेसेज वाचला आणि कुणालाच काही सांगितलं नाही. बाहेर आत्या मेथीचे ठेपले गुंडाळत होती, आई आहेराची साडी शोधत होती, आणि ते आतल्या खोलीत मोबाईल हातात घेऊन बसून राहिले. आपण मुख्याध्यापक, आपण फसलो, पोरींना काय सांगायचं. कार्याच्या आदल्या रात्री घरात रडारड नको. असं मनात धरून बसलेल्या त्या वेळात दुसरा व्यवहार झाला, ३७,५०० चा. ॲप फोनमध्ये होतंच. अकराच्या सुमारास मी गाडीची किल्ली मागायला गेले तेव्हा म्हणाले, "बाई, एक झालंय."

मला कुणावर राग असेल तर त्या चोरांच्या खालोखाल आपल्या लोकांवर आहे. नंतर घरी जो आला त्याने तेच विचारलं, 'एवढा शिकलेला माणूस कसा फसला?' हे एक वाक्य अण्णांच्या कानात आधीपासून होतं म्हणून ते बोलले नाहीत, आणि दुसरे पैसे त्या गप्प बसण्यात गेले. असं बोलणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, हे विचारू नका. कुणी सांगायला आलं तर आधी मोबाईल मागा आणि फोन लावा.

मी काय केलं ते क्रमाने सांगते. अण्णांच्या फोनचं इंटरनेट बंद केलं, सिम काढलं. सिम आतच राहिलं असतं तर येणारा प्रत्येक ओटीपी पुन्हा तिकडेच गेला असता. मग माझ्या फोनवरून १९३० लावला. ही सायबर फसवणुकीची देशभरची हेल्पलाईन आहे. लगेच लागला नाही. लावत राहिले. खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि बँकेच्या मेसेजमधला व्यवहार क्रमांक विचारतात, तो कागदावर उतरवून ठेवा. संपर्कासाठी माझा नंबर दिला, कारण तक्रारीचा क्रमांक त्या नंबरवर येतो आणि अण्णांचं सिम तर बाहेर होतं. मग बँकेच्या कार्डामागे छापलेल्या नंबरवर फोन करून कार्ड आणि नेटबँकिंग बंद करायला लावलं. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर बाकीचा तपशील त्याच रात्री भरला. फोन नंतर पूर्ण पुसून घेतला, नुसतं ॲप काढण्यावर भरवसा ठेवला नाही. कुणी बोलता बोलता *४०१* ने सुरू होणारा आकडा दाबायला लावला असेल, तर तुमचे कॉल दुसरीकडे वळवलेले असतात. तेव्हा ##००२# दाबून ते वळवणं रद्द करा. आमच्याकडे तसं झालं नव्हतं, पण शेजारच्या एका काकांच्या बाबतीत तोच प्रकार होता.

पहिले ४९,९०० तोपर्यंत एका खात्यातून दुसऱ्यात असे पुढे सरकून एटीएममधून निघाले होते. दुसऱ्या व्यवहारातली बरीच रक्कम मात्र पुढच्या खात्यात गोठवली गेली. ती सोडवायला न्यायालयात अर्ज करावा लागला. पोलीस ठाण्यातल्या हवालदारांनी तक्रारीची प्रत, पासबुकाचा उतारा, ओळखपत्र असं सगळं नीट समजावून सांगितलं, त्यांचे आभार. बँकेत वेगळा अनुभव आला. "ओटीपी तुमच्याच मोबाईलवर आला होता" म्हणून त्यांनी हात वर केले. इथे एक गोष्ट माहीत असू द्या. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेल्या नियमानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणाने पैसे गेले तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, पण कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं. म्हणून बँकेला कधी कळवलं त्याचा पुरावा लागतो. फोनवर सांगितलं असेल तर तक्रार क्रमांक मागून घ्या, शिवाय ईमेल करा. शाखेतल्या साहेबांना तोंडी सांगून घरी येऊ नका.

आम्ही सकाळी सातला निघालो. कार्य पुढे ढकलायचं नाही असं अण्णाच म्हणाले. पाचोडच्या मोसंबी बाजारापर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. पाडळशिंगीला नाक्यावर गाडी पुढे घेतली, यंत्राने टॅग वाचला आणि दांडा वर गेला. टॅग चालू होता. काल रात्रीही चालूच होता.

आणि समजा बंद असता, तरी काय झालं असतं? हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर घरात ती घाईच झाली नसती. तेव्हा राष्ट्रीय महामार्गावर १५ नोव्हेंबर २०२५ पासूनचा नियम असा होता की टॅग नसला किंवा चालत नसला आणि तुम्ही यूपीआयने पैसे दिले, तर सव्वापट टोल लागायचा. रोख दिले तर दुप्पट. म्हणजे टोल १०० रुपये असला तर यूपीआयने १२५, रोखीने २००. आत्या त्या रात्री म्हणालीच होती, "टोलच तर आहे, रोख देऊत की." रात्री बाराचं जे भय घातलं गेलं, त्याची जास्तीत जास्त किंमत एवढी होती. ना गाडी जप्त होते, ना कुणी साखरपुड्याला जायचं अडवतं. घरातल्या मोठ्यांना असा हिशोब आधीच सांगून ठेवा.

टॅग तपासायला फोन करायची गरजही नाही. फास्टॅगची देशभरची यंत्रणा चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की टॅग चालू आहे की काळ्या यादीत, ते दिसतं. शिल्लक बँकेच्या ॲपवर दिसते. टॅग ज्या बँकेचा त्या बँकेचं नाव काचेवरच्या चिकटपट्टीवर असतं. नंबर हवाच असेल तर बँकेच्या कार्डामागून किंवा पासबुकातून घ्या, शोधून घेऊ नका. महामार्गावरच्या तक्रारीसाठी १०३३ हा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा नंबर आहे. टोलच्या वार्षिक पासचंही तसंच. १५ ऑगस्ट २०२५ ला तो ३,००० रुपयांत सुरू झाला, खासगी कार-जीप-व्हॅनसाठी, एक वर्ष किंवा २०० फेऱ्या यांतलं जे आधी संपेल तोवर. तो राजमार्गयात्रा ॲपवर किंवा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मिळतो. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून स्वस्तात पास देतो म्हणणाऱ्याला बळी पडू नका. फोनला एपीके फाईल तर कुठल्याच कारणाने उघडू देऊ नका, मग ती टॅगची असो, ट्रॅफिक चलनाची असो की लग्नपत्रिकेची. तिन्ही नावांनी त्या फिरतात.

ज्या नंबरवर अण्णांनी फोन केला होता, तो आम्ही दूरसंचार विभागाच्या संचारसाथी संकेतस्थळावर, फसवे फोन-मेसेज कळवायच्या 'चक्षू' या सोयीत कळवला आणि शोधयंत्राकडेही तक्रार केली. ती जाहिरात गेली. पुढच्याच महिन्यात त्याच बँकेच्या नावाने, तशाच चिन्हाने, वेगळा नंबर वर दिसायला लागला. तोही कळवला आहे. तुम्हाला असा नंबर दिसला तर लावून बघू नका. त्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि चक्षूवर टाका, दोन मिनिटं लागतात.