आजोबांच्या सायकलची फिक्सी केली, 8 महिने झाले, आणि सगळा जीव अडकलाय पंधरा रुपयांच्या कॉटरमध्ये

फिक्सी म्हणजे फ्रीव्हील नसलेली सायकल, चाक फिरतंय तोवर पेडलही फिरतं, पाय मोकळे सोडता येत नाहीत. मागच्या रविवारी सकाळी नागपुरात सेमिनरी हिल्सवरून फुटाळ्याकडे उतरत होतो, पाय मागे दाबून स्पीड धरून ठेवलेला, आणि डाव्या पेडलला कट् झालं. पेडल जरासं सटकलं आणि परत अडलं. कॉटर म्हणजे क्रँक (पेडलचा दांडा) मधल्या आसाला घट्ट धरणारी उतरती पिन, ती ढिली झाली होती. कॉटरवाली सायकल ज्यांनी चालवलीय त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. डाव्या बाजूचा हा तिसरा कॉटर. नाहीतर मी इथं नुसतं कौतुकच लिहिणार होतो.

सायकल म्हणजे आजोबांची 24 इंची काळी, भंगारवाला 300 देत होता म्हणून राग येऊन ठेवून घेतली. पावडर कोटिंगचे 1500 सांगितले, मी डिझेल आणि तारेचा ब्रश घेऊन गच्चीवर बसलो, गंज काढला, सोनेरी रेघा होत्या तेवढ्या वाचवल्या. दसऱ्याला रस्त्यावर आणली.

सगळे मागच्या हबचंच (चाकाच्या मधल्या तुंब्याचं) विचारतात. आधी मीही शहाणपणा केला, जुन्याच हबवर फ्रीव्हील काढून फिक्स कॉग, म्हणजे हबसोबतच फिरणारं दातेरी चक्र, चढवला (आटे तेच असतात, चढतो) आणि मागून बीबीची (पेडलच्या आसाच्या बेअरिंगची) लॉकरिंग, म्हणजे आट्यांची कडी, आवळली. नका करू. दोन्हीचे आटे एकाच दिशेचे, त्यामुळे मागे जोर दिला की दोन्ही सोबतच सुटतात. तिसऱ्याच दिवशी शंकरनगर चौकात माझे पाय उलटे फिरत होते आणि सायकल आपली सरळ सिग्नलमध्ये. पुढचा ब्रेक होता म्हणून हे लिहितोय. मग गुपचूप खरा ट्रॅक हब मागवला, त्याच्या लॉकरिंगचे आटे उलटे असतात, कॉग सुटायला लागला की ती उलट आवळते. आता पंचाईत अशी की आपल्या जुन्या सायकलींच्या मागच्या रिमला 40 भोकं आणि हब 32 चा. पुढच्या रिमला मात्र 32 च असतात! म्हणून अजून एक पुढची रिम घेऊन मागे लावली. या आयडियावर मी अजून खूश आहे.

ब्रेक पुढचा जुना सळईवालाच ठेवला. पोरं हसतात, हसू द्या, या रिमच्या आकाराला साधा कॅलिपर (दोन्ही बाजूंनी चिमटा घेणारा ब्रेक) नीट धरतच नाही. पावसात स्टीलची रिम ओली झाली की तोही धरत नाही ही गोष्ट वेगळी.

कॉगचं एक ऐका, पुढं 44 दात असतील तर मागे 16 चा घेऊ नका. मी घेतला. स्किड मारताना, म्हणजे पाय अडवून मागचं चाक घसरवताना, टायर त्याच चार जागी घासतो, दोन महिन्यांत टायरवर चार टक्कल पडले. 17 चा टाकला की त्याच हिशेबाने 17 जागा होतात. एका दाताचा फरक आणि टायरचे पैसे वाचतात.

आता कॉटर. साध्या सायकलीत जोर एकाच बाजूने येतो, कॉटर दाबून बसतो, विषय संपला. फिक्सीत तुम्ही पुढंही दाबता, मागंही दाबता, म्हणजे बिचाऱ्याला दिवसभर इकडून तिकडून थपडा. पहिला 12 दिवसांत ढिला झाला. ज्या दुकानात गेलो (नाव नाही घेत) त्यांनी खाली आधार न देता दणादण हातोडी मारली, नट पान्याने करकचून आवळला, 150 रुपये लेबर घेतली, आणि महिन्याभरात कॉटरचे आटे साफ. वरून आसाच्या बेअरिंगचे छर्रे खडखडायला लागले ते वेगळंच. भांडायला गेलो तर म्हणे "फ्रीव्हील काहून काढली बे, आता भोग." 150 रुपये मात्र परत नाही.

तेव्हा मी मित्रांना ठासून सांगत होतो की कॉटर म्हणजे कचरा, नवा क्रँक टाकल्याशिवाय गती नाही. 2200 चा हिशेब निघाला होता, म्हणून टाकला नाही. मग महालातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्यांनी कॉटरचा उतार कानशीने घासून मापात आणला, क्रँकखाली लोखंडी पाइप उभा केला आणि मोजून चार ठोके दिले. "नट कॉटर ओढासाठी नसते भाऊ, पडू नये म्हणून असते." दुसऱ्या दिवशी 20 किलोमीटर चालवून परत बोलावलं, अजून दोन ठोके. 30 रुपये. तो कॉटर सहा महिने टिकला, नवतप्यातसुद्धा (मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस), जेव्हा वर्धा रोडच्या सिमेंटवर पाय थांबवता येत नाही म्हणजे काय शिक्षा असते ते कळलं.

मग रविवारी काय झालं? पावसाळ्याआधी छर्रे ग्रीस करायला मीच खोललं, आणि नवा कॉटर आणायचा कंटाळा करून तोच चेपलेला परत ठोकला. पंधरा रुपये वाचवले. हे लिहायला घेईपर्यंत शिव्या कॉटरलाच देत होतो.

मिस्त्री काल म्हणाले, आताचे कॉटर मऊ येतात, जुना माल घट्ट होता. कोणाच्या दुकानात किंवा घरी डब्यात साडेनऊ एमएमचे जुने कॉटर पडले असतील तर कळवा, डझनभर घेतो, पण पंधराच्या वर देणार नाही.